पडद्याची चुलीकडची बाजू

कॉलेजात कुणी विचारलं, "तू पहिला पिक्चर कुठे बघितलास?" तर मी थोडी अडखळते. "गावाला, पडद्यावर," एवढं सांगून गप्प बसते. ते खोटं नाही, पण पूर्ण खरंही नाही. पूर्ण खरं सांगायचं तर कॉलेजला येईपर्यंत मी पडद्यावर जेवढे पिक्चर बघितले ते सगळे पडद्याच्या मागून बघितले. हे सांगितलं की लोक हसतात, आणि त्यांचं हसणं थांबेपर्यंत मी पुढचं काय सांगणार होते ते विसरते. म्हणून एकदा नीट लिहूनच काढते.

आमचं गाव लांजा तालुक्यात, हायवे सोडून बरंच आत. गावातले बहुतेक बाप्ये मुंबईला कामाला, माझे वडीलही. मे महिन्यात सगळे गावी आले की त्यांच्या मुंबईच्या मंडळाची सत्यनारायणाची पूजा शाळेच्या अंगणात व्हायची. पूजा झाली की दिवेलागणीनंतर पिक्चर. मशीन रत्नागिरीहून भाड्याने यायची. पडदा गावचाच होता. मांजरपाटाच्या पट्ट्या जोडून शिवलेला, एका अंगाने शाळेच्या खांबाला आणि दुसऱ्या अंगाने फणसाला बांधलेला. पडद्याच्या एका बाजूला मशीन, मंडळाच्या लोकांच्या खुर्च्या आणि खाली बसलेले बाप्ये. दुसऱ्या बाजूला चुलाण, कारण दुसऱ्या दिवशी दुपारी गावजेवण असायचं आणि त्याची तयारी आदल्या संध्याकाळपासून चालायची. बायकांना कुणी मुद्दाम मागे बसवलं होतं असं मला वाटत नाही. चूल होती तिथे बायका होत्या, आणि मधे पडदा आला.

कापड पातळ होतं, त्यामुळे चित्र आरपार यायचं. आवाज तर खालच्या वाडीतही जायचा.

बायका पिक्चर बघत बघत काम करायच्या, आणि त्याचं एक शास्त्र होतं. मारामारी सुरू झाली की नारळ खवायला घ्यायचे, कारण हात आपोआप जोरात चालतो. गाण्याला तांदूळ निवडायचे. कांदे मात्र राखून ठेवलेले असायचे. हिरोची आई आजारी पडली, किंवा बहीण सासरी निघाली, की कुणीतरी हळूच म्हणायचं, "घ्या गो कांदे आता," आणि मग सगळ्याजणी निवांत रडायच्या. एका वर्षी विनोदी पिक्चर लागला. कुणालाच रडायला येईना. कांदे चिरायचे राहिले आणि दुसऱ्या दिवशी उसळ बिनकांद्याची झाली. मंडळाला त्यावर बरंच ऐकून घ्यावं लागलं.

मागच्या बाजूने सगळं आरशासारखं उलटं दिसतं. डावं ते उजवं, उजवं ते डावं. पण आम्हाला ते उलटं कधी वाटलं नाही. उलटं वाटायला आधी सुलटं बघितलेलं असावं लागतं. सुरुवातीला पडद्यावर नावं यायची, ती वाचता यायची नाहीत. मी पहिलीत होते, अक्षरं नवीन शिकलेली. मी माझी समजूत घातली की पिक्चर हिंदी आहे तर ही हिंदी अक्षरं असणार. पाचवीत हिंदीचं पुस्तक हातात आलं आणि त्यातली अक्षरं सरळ मराठीसारखी निघाली, तेव्हा पुस्तक चुकीचं छापलंय असं मला वाटलं होतं. मी ते बाईंना सांगितलं नाही. मी फारसं काही कुणाला सांगत नसे.

हिरॉइनींचा पदर उजव्या खांद्यावर दिसायचा. त्याला बायका "मुंबईचा पदर" म्हणायच्या. शेजारची काकू हौशी. ती माहेरच्या लग्नाला मुंबईचा पदर घेऊन गेली. अख्खं लग्न लोक तिच्या खांद्याकडे बघत राहिले. आल्यावर तिने सांगितलं, "तिकडच्यांना अजून माहीतच नाय गो. मागासलेले लोक."

आता माझ्या हाताबद्दल सांगायला हवं, कारण पुढची सगळी गोष्ट त्याच्यावर आहे.

मी डावरी आहे. घरात माझी आत्या, म्हणजे वडिलांची मोठी बहीण, हिला ते मुळीच चालायचं नाही. आत्याचे यजमान लवकर गेले, तेव्हापासून ती आमच्याकडेच असते. घरातलं सगळं तिच्या शब्दावर चालतं. भाताला पाणी किती, गुरांना कधी सोडायचं, कुणाकडे आहेर काय न्यायचा, सगळं तीच ठरवते. आईचं तिच्यापुढे काही चालत नाही. आई वाद घालत नाही असं नाही. घालते, आणि हरते. मी लहान असताना आत्या माझ्या डाव्या हाताला जुन्या लुगड्याची चिंधी बांधून ठेवायची. हाताची मूठ वळून वर चिंधी. जेवताना, लिहिताना, प्रसाद घेताना. माझ्या डाव्या हातात तिने कधी साधा शेंगदाणासुद्धा ठेवला नाही. मी डावा हात पुढे केला की ती शेंगदाणा हवेत धरून थांबायची आणि म्हणायची, "दुसरा." मी दुसरा हात पुढे करायची.

मी पहिलीत होते त्या मे महिन्यात जो पिक्चर लागला, त्यात हिरो गरिबाचा मुलगा असतो आणि शेवटी कलेक्टर होतो. कलेक्टर झाल्यावर तो मोठ्या टेबलाशी बसतो आणि एका कागदावर सही करतो. गावाची जमीन गावाला परत मिळते. ती सही पडद्यावर खूप मोठी दिसली. हात, पेन, कागद. आई चुलाणापाशी बसली होती. ती विळीवरून ताडकन उठली आणि म्हणाली, "वन्सं! बगा! डाव्या हातानं!"

आत्याने बघितलं. सगळ्या बायकांनी बघितलं. कलेक्टर डाव्या हाताने सही करत होता.

आई तिथेच माझ्यापाशी आली, दातांनी चिंधीची गाठ सोडवली आणि चिंधी चुलाणात टाकली. आत्या काही बोलली नाही. बोलणार काय? समोर कलेक्टर होता. पुढे दरवर्षी पिक्चरमध्ये आई पहिल्यांदा हात बघायची. हिरो जेवायला बसला, गोळी झाडली, थोबाडीत मारली, की आई म्हणायची, "डावा." नुसतं एवढंच. आत्या तेवढ्यापुरती नारळ जोरात खवायची.

घरातला आईने जिंकलेला हा एकच वाद. माझ्या आठवणीत तरी दुसरा नाही.

मधल्या काळात आमच्याकडे टीव्ही आला, आणि टीव्हीवरचे लोक उजव्या हाताने जेवताना दिसले. आत्याने पहिल्याच आठवड्यात ते पकडलं. "काय गो, हे तर उजव्या हातानं जेवतंय."

आईने क्षणभर विचार केला. मग भिंतीवरचा आरसा दाखवला. "वन्सं, टीव्हीला काच हाय. काचेत उलटंच दिसतं."

आत्या आरशासमोर जाऊन उभी राहिली. उजवा हात वर केला. आरशातल्या आत्याने दुसरा हात वर केला. आत्याने तो खाली केला, परत वर केला आणि गुमान स्वयंपाकघरात गेली. तेव्हापासून आमच्या घरात ठरलं की टीव्ही काचेचा म्हणून उलटा, मोबाईलही काचेचा म्हणून उलटा, आणि खरं ते कापडावरचं. वडिलांना मी एकदा विचारलं होतं, "बाबा, हिरो कुठल्या हाताने लिहितो?" ते म्हणाले, "हिरो लिहितो कधी?" त्यांच्याकडून मदत होण्यासारखी नव्हती. पिक्चर सुरू झाला की ते खुर्चीत झोपायचे.

आमच्या घरातून कॉलेजला गेलेली मी पहिली. रत्नागिरीत हॉस्टेलवर राहिले. पहिल्या वर्षी सगळ्याचीच भीती वाटायची. कॅन्टीनमध्ये कूपन आधी घ्यायचं की जेवण आधी घ्यायचं हे विचारायला नको म्हणून मी काही दिवस बिस्किटांवर काढले. सिनेमाची मात्र भीती वाटत नव्हती. तिथे काय करायचं ते मला माहीत होतं असं मला वाटत होतं.

खोलीतल्या मैत्रिणीबरोबर पहिल्यांदा थिएटरला गेले. तो माझा आयुष्यातला मोठा दिवस होता, म्हणून मी इस्त्रीचा ड्रेस घातला होता. अंधार झाला, पडदा उजळला, आणि नावं वाचता आली. सगळी. भराभर. मला गलबलून आलं. मला वाटलं, कॉलेजात येऊन आपण किती शिकलो. मग हिरोने खिशातून पेन काढलं आणि उजव्या हाताने चिठ्ठी लिहिली.

"हा उजवा आहे!" मी मैत्रिणीला म्हटलं.

"मग काय पायाने लिहील?" ती म्हणाली.

मी पुढे बघत राहिले. सगळ्या पिक्चरभर हिरो उजवा, व्हिलन उजवा, शेवटी आलेला पोलीससुद्धा उजवा. हॉस्टेलवर आल्यावर मी आरशासमोर पुस्तक धरलं. त्यात जी अक्षरं दिसली ती माझी जुनी हिंदी अक्षरं होती.

मला हसू आलं, आणि लगेच आई आठवली. आईचा कलेक्टर उजवा होता. घरी गेल्यावर हे सांगावं का? मी खूप विचार केला. माझ्या हाताचं आता काही होणार नव्हतं, मी मोठी झाले होते. पण आत्याला कळलं असतं तर आईचा तो एक वाद गेला असता. आणि आत्या एखादी गोष्ट जिंकली की ती भांडी घासतानासुद्धा जिंकते. मी सांगितलं नाही. आत्या काही कधी रत्नागिरीच्या थिएटरात येणार नव्हती, त्यामुळे हे असंच चाललं असतं.

मी शेवटच्या वर्षाला असताना आत्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, रत्नागिरीतच. महिन्याभराने डोळे दाखवायला आई तिला घेऊन आली. मीही दवाखान्यात गेले. डॉक्टरांनी तपासलं आणि म्हणाले, "आजी, नजर एकदम फर्स्ट क्लास. आता काय बघायचं ते बघा."

आत्याने ते फार मनावर घेतलं. बाहेर आली, काळा चष्मा लावला आणि म्हणाली, "पिक्चर बगूया."

"कशाला, आते?" मी म्हटलं. "गर्दी असते. तिकीट मिळत नाही."

"डाक्टर काय म्हनला? बगा म्हनला. आन तुला पिक्चर एवढा आवडतो, तर आमाला पन दाखव. का कालेजातल्या मैत्रिणींनाच दाखवतंस?"

"एस. टी. चुकेल."

"शेवटची हाय ना."

मी आईकडे बघितलं. आई खूश दिसत होती. ती पदर सारखा करत म्हणाली, "चल गो. मोठ्या पडद्यावर एकदा बगायचाच हाय मला." आणि मग आत्याकडे बघून, अगदी सहज, "हात कसा ठळक दिसेल, नाय वन्सं?"

मला तिथेच रस्त्यात बसावंसं वाटलं.

वाटेत मी मनात प्रार्थना केली की तिकिटं संपलेली असोत. थिएटर अर्धं रिकामं होतं. आत्याने दारात चपला काढल्या. डोअरकीपरने सांगितलं, "मावशी, चपला घालून चला." आत्याने त्या घातल्या, पण आत शिरताना उंबऱ्याला हात लावून नमस्कार केलाच. आत गेल्यावर तिने सगळीकडे नजर फिरवली. नवीन नजर होती, तिच्यातून काही सुटत नव्हतं.

"बायकांची बाजू कुठं?" तिने डोअरकीपरला विचारलं.

"कुठेपण बसा, मावशी. नंबर बघून."

"तसं नाय. पडद्याच्या मागं जायाची वाट कुठं?"

"पडद्याच्या मागे? मागे भिंत आहे, मावशी."

आत्याला ते पटलं नाही. भिंतीपाशी बायका कशा बसतील, हा तिचा प्रश्न होता. डोअरकीपर माझ्याकडे बघायला लागला. मी म्हटलं, "आते, इकडे सगळे एकाच बाजूने बघतात." आत्या खुर्चीपाशी गेली, खुर्चीची बसायची फळी खाली केली, ती परत वर गेली, आत्याने ती परत खाली केली आणि पटकन, खुर्चीला कळायच्या आत, बसली. मग आईला म्हणाली, "बाप्यांच्या बाजूला बसवलान आपल्याला." आई म्हणाली, "बसू आजच्या दिवस."

आत्या मधे, मी एका बाजूला, आई दुसऱ्या बाजूला. आत्याच्या डोळ्यांवर काळा चष्मा होता. मी म्हटलं, "आते, चष्मा राहू दे हां, उजेडाचा त्रास होईल." आत्याने चष्मा काढून केसांत खोचला.

पिक्चर सुरू झाला. मला गोष्ट काय होती ते नीट सांगता येणार नाही, कारण मी फक्त हात बघत होते. आयुष्यात पहिल्यांदा मी देवाजवळ असं मागितलं की हिरोने जेवू नये. सुरुवात चांगली झाली. हिरो मोटारसायकलवर आला, दोन्ही हात हँडलवर. मग मारामारी, त्यात दोन्ही हात आणि दोन्ही पाय. मग गाणं, त्यात हात वाऱ्यावर. मला जरा धीर आला.

मग हिरॉइन आली. आत्या पुढे वाकली.

"पदर बरोबर हाय की गो हिचा," ती म्हणाली. "आपल्यासारका."

"हं," आई म्हणाली.

"मुंबईचा नाय."

"गावची असंल," आई म्हणाली. पण तिचा आवाज जरा हळू आला होता.

मग हिरोला हिरॉइनच्या वडिलांनी जेवायला बोलावलं. मी डोळे मिटले आणि एक उघडला. केळीचं पान. पानावर भात, वरण, पापड. दिग्दर्शकाला काय सुचलं कोण जाणे, त्याने कॅमेरा पार पानाजवळ नेला. पडदाभर हात. भात कालवणारा, पापड मोडणारा, वरणाचा ओघळ चाटणारा हात. एवढा मोठा उजवा हात मी कधी बघितला नव्हता. त्या हातावरचे केस मोजता आले असते.

पुढे हिरोने कागदावर सही केली, देवाला फूल वाहिलं, व्हिलनच्या थोबाडीत मारली. सगळं उजव्या हाताने. दरवेळी आत्या खुर्चीत थोडी सरळ व्हायची. इंटरवलपर्यंत ती चांगलीच उंच झाली होती.

दिवे लागले. समोरच्या रांगेतला एक माणूस समोसे खात होता, त्याचा वास येत होता. आत्याने चष्मा केसांतून काढला, पदराने पुसला, परत खोचला.

"उजव्या हातानं जेवला," ती म्हणाली.

आईने मांडीवरची पिशवी सारखी केली.

"सई पन उजव्या हातानं केलान." मग माझ्याकडे वळून, "काय गो, हा पडदा कापडाचा ना? का काच हाय?"

"कापडासारखाच असतो, आते," मी म्हटलं. अजून काय म्हणणार?

"काच नाय ना?"

"नाही."

"मग?" आत्या आईकडे वळली. त्या "मग"मध्ये माझं अख्खं बालपण होतं. चिंधी, चुलाण, कलेक्टर. मी आईकडे बघितलं. आई पडद्याकडे बघत होती, जिथे आता काहीच नव्हतं. मग तिने मान वळवून मागे बघितलं, वर, जिथून उजेड येत होता त्या चौकोनी भोकाकडे.

"वन्सं," ती म्हणाली, "मशीन कुठं हाय?"

"ती काय, पाठीवर."

"मशीन पाठीवर, म्हंजे आपण कुठल्या बाजूला?"

"बाप्यांच्या. मगाशीच म्हनलंय मी."

"मग?" आता आईने म्हटलं. "बाप्यांच्या बाजूनं उलटंच दिसणार की."

आत्याचे नवीन डोळे इकडून तिकडे फिरले. ती काय विचार करत होती ते मला अगदी दिसत होतं. ही बाजू खरी म्हटली तर आई हरत होती. पण ही बाजू खरी म्हटली तर इतकी वर्षं आत्यानेही सगळं उलटंच बघितलं होतं. चुलाणाच्या धगीत बसून, नारळ खवत, कांद्याच्या मुहूर्ताला रडत जे बघितलं, ते सगळं उलटं. आणि खुर्च्यांवर बसलेल्या मंडळाच्या बाप्यांनी सुलटं बघितलं होतं. ज्यांनी गावजेवणात नुसतं मीठ मागितलं तरी ती दरवर्षी त्यांना ऐकवायची, त्यांनी. माझे झोपलेले वडीलसुद्धा सुलट बाजूला झोपले होते.

हे तिला जड गेलं. तिने ते माझ्यावर टाकलं.

"तू कालेजात शिकतंस. सांग. खरी बाजू कुठली?"

मला घाम फुटला. तोंडी परीक्षेत फुटतो तसा. मी म्हटलं, "आते, म्हणजे, मशीन ज्या बाजूला असते..."

"मशीन बाप्यांच्या बाजूला असते कारन ती बाप्ये चालवतात. ते मला ठाऊक हाय. मी बाजू विचारतंय."

आई माझ्याकडे बघत नव्हती. ती पिशवीत काहीतरी शोधत होती, आणि त्या पिशवीत छत्रीशिवाय काही नव्हतं. मला खोटं बोलायचं नव्हतं, आणि खरं बोलायचं तर अजिबात नव्हतं. मी म्हटलं, "दोन्ही बाजूंनी पिक्चर तोच असतो, आते."

आत्याने माझा नाद सोडला. "ह्याच्यासाठी हिला कालेजात घातलीत?" ती आईला म्हणाली.

इथे सगळं संपलं असतं. आत्या कुठल्या बाजूला कलली असती मला आजही सांगता येत नाही. पण समोरचा समोसेवाला माणूस मघापासून ऐकत होता. तो मागे वळला आणि समजावून सांगायच्या सुरात म्हणाला, "मावशी, बरोबर बाजू हीच. मागून बघितलं तर उलटं दिसतं. तुम्ही आजवर उलटं बघितलंत."

आत्या सावकाश त्याच्याकडे वळली.

"तू कोन?"

"मी आपला, सहज सांगितलं."

"बाप्याच ना तू? मग तुला हीच बरोबर वाटनार." तिने पदर खोचला. "आमी चुलीकडनं बगतो. चुलीकडनं जे दिसतं ते खरं. तुमाला भात शिजताना दिसत नाय, तुमाला पिक्चर काय दिसनार? खा तो समोसा."

तो समोसा खायला लागला.

"डावा हात हाय त्याचा," आत्या आईला म्हणाली. "हितनं उलटा दिसतो."

"तेच म्हनते मी," आई म्हणाली.

इंटरवलनंतरचा भाग आत्याने आम्हाला सुलटा करून सांगितला. व्हिलन डावीकडून आला की ती कुजबुजायची, "उजवीकडनं आला." हिरो उजवीकडे पळाला की, "डावीकडं पळाला, कळलं ना?" समोरचा माणूस एकदाही वळला नाही. शेवटी हिरोच्या आईचं आजारपण निघालं, तेव्हा मात्र आत्या डावं-उजवं विसरली. आत्या डोळे पुसत म्हणाली, "कांदा नसताना पन येतंय गो रडू." डॉक्टरांनी डोळ्यांना पाणी लावू नका म्हणून सांगितलं होतं. ते मला तेव्हा आठवलं, पण उशीर झाला होता.

स्टँडवर आलो. आत्या गाडीची चौकशी करायला गेली. चौकशी तीच करते, कारण खिडकीतला माणूस आपल्याला खरं सांगतो आणि आईला खोटं, असं तिचं मत आहे. आई आणि मी बाकावर बसलो.

"तुला कधी कळलं?" आई म्हणाली.

मी तिच्याकडे बघितलं. "पहिल्या वर्षाला. तुला?"

"आत्ताच. तो पापड मोडत होता तेव्हा." तिने उजव्या हाताने हवेत पापड मोडून दाखवला. "कलेक्टर पन मग उजवाच असणार."

"हं."

"मी चिंधी जाळली त्याच्या जीवावर."

"बरं केलंस."

"बरंच केलं," आई म्हणाली. मग तिला हसू आलं, आणि ते तिने पदरात दाबलं, कारण आत्या येत होती. दाबता दाबता म्हणाली, "पण खोटं कशाला म्हणायचं गो? आपल्याला तिकडून तसंच दिसत होतं."

मी तीन वर्षं सिनेमावरची पुस्तकं लायब्ररीतून आणून वाचली आहेत. त्यातली निम्मी मला कळली नाहीत. पण कॅमेरा कुठे ठेवला यावर गोष्ट कशी बदलते, हे त्यातल्या एकात होतं आणि मी ते पेन्सिलीने अधोरेखित केलं होतं. आईला ते सांगावंसं वाटलं. सांगितलं नाही. ती आत्ताच ते बोलली होती.

गाडी लागली. दोघी चढल्या, आत्या खिडकीपाशी बसली. मी खाली उभी होते. तिने पिशवीतून देवळातल्या अंगाऱ्याची पुडी काढली, माझ्या परीक्षेसाठी गावाहून आणलेली, आणि दिवसभर द्यायची राहून गेलेली. मी हात वर केला. घाईत डावा. आत्या पुडी हवेत धरून थांबली.

"दुसरा," ती म्हणाली. "देव काय पडद्यावर नाय."

मी उजवा हात वर केला. तिने पुडी दिली. मग परत पिशवीत हात घातला आणि कागदात बांधलेले बुंदीचे लाडू काढले, स्टँडवरच घेतलेले. माझ्या उजव्या हातात अंगारा होता. आत्याने जरा विचार केला. कंडक्टरने घंटा मारली.

"धर त्याच्यात," ती म्हणाली आणि लाडू माझ्या डाव्या हातात ठेवले.

गाडी सुटली. खिडकीतून आई हात हलवत होती. माझे दोन्ही हात भरलेले होते, त्यामुळे मी नुसती मान हलवली, आणि गाडी वळेपर्यंत तशीच उभी राहिले.